अकरा माणसं, चार खोल्या आणि एक अडकित्ता : एका कुटुंबाच्या क्रूझ सहलीचा प्रकरण अभ्यास

तालुक्याच्या गावी माझं तिकीट बुकिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. रेल्वे, विमान, पीक विम्याचा अर्ज, सगळं एकाच टेबलावर चालतं. क्रूझचं काम आजवर मोजकंच आलं, त्यातलं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात जास्त शिकवून गेलेलं. घरच्यांची परवानगी आहे, नावं मात्र कोणाचीच नाहीत. चुका झाल्या त्यातल्या निम्म्या माझ्या होत्या.

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-नेर पट्ट्यातलं गाव. दोन भाऊ, शेती एकत्र. थोरले जिल्हा परिषदेच्या शाळेतून मे २०२४ च्या अखेरीस निवृत्त झाले, त्यांना आपण गुरुजी म्हणू. धाकटे बापू सोळा एकर शेती पाहतात : कपाशी, तूर, सोयाबीन. आई ७९ वर्षांची. तिच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे, आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांची असते तशी. बहीण, म्हणजे मुलांची आत्या, शेजारच्या तालुक्यात शिक्षिका. तिचा मुलगा नववीत. गुरुजींचा मुलगा पुण्यात नोकरीला, त्याची बायको आणि पाच वर्षांचा पोरगा. बापूंची बायको, कॉलेजातली मुलगी आणि शेती करणारा मुलगा. गुरुजींच्या बायकोला धरून बारा माणसं.

निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा गुरुजींनी ठरवलं की सगळ्या घराला एकदा जहाजावर न्यायचं. का, तर त्यांनी तीस-पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, फळ्यावर अरबी समुद्र काढला आणि जहाजात एकदाही पाय ठेवला नाही. आजींचा तोवरचा लांबचा प्रवास म्हणजे पंढरपूर, आणि माहेरी जायला शकुंतला. ती गाडीही आता बंद.

गुरुजींनी चार लाखांची हद्द घालून दिली. त्यात रेल्वे, राहणं, वरखर्च, सगळं आलं पाहिजे.

प्रश्न नेमका कुठे होता

वरवर पाहता प्रश्न जहाज कोणतं हा होता. ऑगस्टमध्ये मी त्यांच्या ओसरीवर गेलो, मोबाइलवर फोटो दाखवले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "कोणाला काही आजारपण, काही अडचण?" सगळे म्हणाले, काही नाही. आजी म्हणाल्या, "मले काय, तुमी न्यान तिकडं येतो." मी वहीत लिहून घेतलं : अडचण नाही.

ती ओळ खोटी निघाली, आणि ती कोणी मुद्दाम खोटी सांगितली नव्हती. ओसरीवर, सासऱ्या-दिरांसमोर, चहाच्या कपबशा मधे असताना आमच्याकडे कोणी अडचण सांगत नाही. बापूंनी पैशाचं सांगितलं नाही. आजींनी गुडघ्याचं सांगितलं नाही, आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं हेही नाही. पुण्याची सून त्या बैठकीत नव्हतीच. असती तरी बोलली नसती, कारण तेव्हा तिला नुकतेच दिवस गेले होते आणि तीन महिने उलटल्याशिवाय ते बोलायचं नसतं.

घरातले खरे अडसर मला नंतर एकेक करून कळले. कोणता दुकानाच्या पायरीवर, कोणता मोटारसायकल चालू ठेवून, कोणता रात्री साडेदहाच्या फोनवर.

पाहिलेले पर्याय

पहिला पर्याय सिंगापूरचा. पुण्याच्या मुलाची इच्छा तीच होती, कारण तिथून सुटणारी जहाजं मोठी, त्यांवर पोरांसाठी खेळ भरपूर. कागदाच्या बाजूने पाहिलं तर बारांपैकी तिघांकडेच पासपोर्ट. सिंगापूरचा व्हिसा लागतो, आणि जहाज सिंगापूरहून निघून दुसऱ्या देशाच्या बंदराला लागून परत सिंगापूरला येतं, म्हणजे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही. वर परदेशी सहलीच्या पॅकेजवर त्या वर्षी सात लाखांपर्यंत ५ टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जायचा. तो रिटर्न भरून परत मिळतो हे खरं, पण आधी खिशातून जातोच. नागपूरहून विमानाचं भाडं धरल्यावर चार लाखांची हद्द पहिल्याच बेरजेत ओलांडली. हा पर्याय मी अर्ध्या तासात बाद केला आणि त्याबद्दल मला आजही शंका नाही.

दुसरा लक्षद्वीपचा. फोटो याचेच सर्वात सुंदर. पण लक्षद्वीपला आपल्या देशातल्या माणसालाही प्रवेशाचा परवाना लागतो. तो क्रूझवाले काढून देतात, तरी प्रत्येकाचे कागद वेळेत द्यावे लागतात. खरी अडचण दुसरीच. मोठं जहाज बेटाला लागत नाही, लांब उभं राहतं आणि माणसांना हलत्या पाण्यात लहान बोटीत उतरवतात. आजींना एस.टी.ची पायरी चढायला दोघं लागतात.

तिसरा मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री. पासपोर्ट नको, सरकारी ओळखपत्रावर काम होतं. जहाज गोव्यात मुरगाव बंदराच्या धक्क्याला लागतं, त्यामुळे चालत उतरता येतं. मुंबईत बॅलार्ड पिअर सीएसएमटीपासून टॅक्सीने दहा मिनिटांवर.

चौथा बापूंचा : "दर्याच पाहाचा तं गणपतीपुळ्याले जाऊ, भक्तनिवासात राहू." हा पर्याय मी हसण्यावारी नेला. तो बापूंचा पैशाबद्दलचा पहिला इशारा होता, हे मला तेव्हा ओळखता आलं नाही.

गुरुजींनी मधेच गंगाविलासची चौकशी केली. वाराणसी ते दिब्रुगड, ५१ दिवस. बापू म्हणाले, तेवढ्यात हरभरा उगवून घाट्यावर येईल. तो विषय तिथेच संपला.

तिसरा पर्याय ठरला.

तारीख : तीनदा ठरली, दोनदा मोडली

जहाज निवडायला एक आठवडा लागला, तारखेला दोन महिने. मुंबईहून निघणारी जहाजं पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा जून ते सप्टेंबर गेला. पोरांच्या उन्हाळी सुट्टीत दर चढे, शिवाय पेरणीआधीची सगळी कामं तेव्हाच. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी-मळणी. त्यानंतर कपाशीची वेचणी, जी जानेवारीपर्यंत पुरते. शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना मोकळा असा आठवडा नसतोच. कोणत्या आठवड्यात नुकसान सगळ्यात कमी, एवढंच पाहायचं असतं.

आधी दिवाळीच्या सुट्टीतली नोव्हेंबरची तारीख धरली. १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, मतदान २० नोव्हेंबरला. आत्याबाई शिक्षिका, म्हणजे निवडणुकीची ड्यूटी आणि त्याआधी प्रशिक्षण ठरलेलं. गुरुजी स्वतः कित्येक निवडणुकांना पेट्या घेऊन गेलेले, त्यांनीच सांगितलं की सुट्टीचं नावही काढू नको. मग १३ ते १६ डिसेंबर ठरलं. मी आगाऊ रक्कम भरून चार खोल्या धरल्या.

त्यानंतर आठवडाभरात रात्री सुनेचा फोन आला.

"काका, एक विचारायचं होतं. पाचवा महिना असला तर चालतं ना जहाजावर?"

मी म्हणालो, पाचवा चालतो. फोन ठेवला आणि झोप लागेना, कारण ती आजचं सांगत होती की डिसेंबरचं, हे मी विचारलंच नव्हतं. सकाळी नियमावली उघडली. आपण महिने मोजतो, तेही चालू महिना धरून : 'पाचवा लागला', 'सहावा सरत आला'. क्रूझवाले आठवडे मोजतात. बहुतेक कंपन्यांची रेघ २४ आठवड्यांवर असते, आणि मोजायचं ते निघण्याच्या दिवशी नाही, परतीच्या दिवशी. मी सुनेकडून सोनोग्राफीचा कागद मागवला. शेवटच्या पाळीची तारीख १ जुलै. कॅलेंडर पुढ्यात घेऊन पेन्सिलीने खुणा करत गेलो. १६ डिसेंबर, परतीचा दिवस, बरोबर २४ आठवडे पुरे.

एका दिवसाने अडकलं होतं. मुंबईच्या एजंटाला विचारलं तर तो म्हणाला, "कोण बघतं, सैल कपडे घालायला सांगा." हा सल्ला मी घरात सांगितलासुद्धा नाही. भर समुद्रात काही झालं तर जहाजावरच्या दवाखान्यात प्रसूतीची सोय नसते, नियम त्यासाठीच असतो.

आता तीन वाटा होत्या. सुनेला मागे ठेवून जाणं, तेव्हा मुलगाही येणार नाही आणि नातूही. सगळंच बाळंतपणानंतर नेणं. बाळ जहाजावर चालायला साधारण सहा महिन्यांचं तरी लागतं, म्हणजे २०२५ ची दिवाळी, आणि आजींचं वय ऐंशी. किंवा तारीख अलीकडे ओढणं. मतदान २० ला, मोजणी २३ ला, त्यानंतरचा शुक्रवार २९ नोव्हेंबर. परत २ डिसेंबरला, त्या दिवशी २२ आठवडे. सुनेच्या डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नसल्याचं पत्र दिलं.

ही तारीख सगळ्यांना सोयीची होती, बापूंना सोडून. नोव्हेंबरचा शेवट म्हणजे वेचणी भरात. शेतं पांढरी झालेली, बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर सकाळी आणायला गाडी पाठवावी लागते, संध्याकाळी काटा करून हिशेब द्यावा लागतो. घराला कुलूप लावून जाता येत नाही. गोठ्यात बैलजोडी, दोन म्हशी.

बापूंचा मुलगा म्हणाला, "जा तुमी. मी हाय न इथं." सगळ्यांनी ते लगेच मानलं. मीही मानलं, कारण माझे बारांचे अकरा झाले की खोल्यांचं गणित बसत होतं. हे वाक्य लिहिताना बरं वाटत नाही, पण झालं ते असं.

एक हरकत उरली होती. आजींनी पंचांग काढलं : जहाज परतायच्या आदल्या दिवशी अवस. अवसेला पाण्यावर? गुरुजी समजावायला बसले, चंद्र-सूर्य-भरती सगळं सांगून झालं. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "निंघाचं अवसेले नाई न?" नाही, २७ ला निघायचं. "मंग झालं." तेवढंच हवं होतं त्यांना.

पैसे

जाहिरातीतला माणशी दर आणि शेवटचं बिल यांत जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचा फरक पडला. बंदराचं शुल्क, सेवाशुल्क, जीएसटी हे त्या मोठ्या अक्षरांत नसतं. वर तारीख बदलल्याचा दंड. जेवण दरात असतं. थंड पेयं, दुपारच्या काही खास गोष्टी, गोव्यातली बस, वायफाय हे वेगळं. हे मी गुरुजींना पहिल्याच दिवशी कागदावर मांडून दिलं होतं, माझ्याकडून झालेल्या थोड्या चांगल्या कामांपैकी ते एक.

अवघड गोष्ट बिल कोण देणार ही होती. गुरुजींच्या डोक्यात सगळं त्यांचंच. बापू एका दुपारी दुकानासमोर मोटारसायकल चालूच ठेवून म्हणाले, "माह्या घरचे तीन माणसं, त्यायचे पैसे मी देईन. दादाले सांगू नको." मी विचारलं, सोयाबीन विकलं का? हमीभाव ४,८९२ रुपये होता, बाजारात व्यापारी चार हजारांच्या आसपासच थांबले होते. बापूंनी माल घरीच ठेवला होता आणि वेचणीच्या मजुरीला रोख लागत होती. तीन माणसांचे पैसे म्हणजे व्याजाने काढणं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही बोललो नाही.

मी गुरुजींना सांगितलं. बापूंनी नको म्हटलेलं असताना सांगितलं, आणि ते बरोबर होतं की नाही याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे जातं. गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले की त्यांच्या वाट्याच्या आठ एकराचा पैसा त्यांनी नोकरी असताना कधी मागितला नाही, पण त्या आठ एकरात घाम बापूचा आहे, हेही कधी बोलून दाखवलं नाही. शेवटी असं ठरलं की जहाजाचं गुरुजींनी द्यायचं, आणि बडनेरा-मुंबई-बडनेरा अकरा जणांची रेल्वे आणि वाटेतलं खाणंपिणं बापूंचं. रक्कम त्यांना झेपणारी होती, आणि गावात कोणी विचारलं तर 'तिकिटं म्या काढली' म्हणता येत होतं. ते खरंही होतं.

खोल्या : माझी सगळ्यात मोठी चूक

जहाजावर खोल्या साधारण तीन प्रकारच्या : आतली (म्हणजे बिनखिडकीची), खिडकीची (पण ती काच उघडत नाही) आणि गॅलरीची. आतली सर्वात स्वस्त. आजींना बिनखिडकीच्या खोलीत कोठीत कोंडल्यासारखं होईल म्हणून एक खिडकीची आणि तीन आतल्या घेतल्या. आजी, आत्या आणि बापूंची मुलगी खिडकीच्या खोलीत. गुरुजी, त्यांची बायको आणि आत्याचा मुलगा एका खोलीत. बापू आणि त्यांची बायको. मुलगा, सून, नातू.

इथवर ठीक होतं. पण खोलीचा नंबर स्वतः निवडला तर थोडे जास्त पैसे लागतात, कंपनी देईल ती घेतली तर कमी. मी कमीचं घेतलं. दोन पैसे वाचतील, एवढाच विचार. आजींना मिळालेली खोली जहाजाच्या पार पुढच्या टोकाला निघाली. जहाज लाटेवर तराजूसारखं वरखाली होतं : मधला भाग कमी हलतो, टोकं जास्त. एस.टी.त मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, आणि मी आयुष्यभर एस.टी.तच फिरलोय. म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असली तर मधली, खालच्या मजल्यावरची, लिफ्टजवळची खोली नंबर पाहूनच घ्यायची. ती दोन पैशांची काटकसर मी दुसरीकडे करायला हवी होती.

प्रवास

गाडी त्याच सकाळी मुंबईत पोचवते आणि जहाज दुपारी-संध्याकाळी सुटतं, तेव्हा एक रात्र वाचवता येईल असं पुण्याच्या मुलाचं म्हणणं होतं. यावर मी अडून बसलो. जहाज म्हणजे 'हात दाखवा, बस थांबवा' नव्हे. बोर्डिंगचा दरवाजा सुटण्याच्या बराच आधी बंद होतो, आणि गाडीला चार-पाच तास उशीर झाला तर अकरा माणसं धक्क्यावरून पांढरा ठिपका बघत बसतील. २७ ला रात्री बडनेऱ्याहून निघाले, २८ चा दिवस डोंबिवलीला नातेवाइकांकडे काढला. गाडीला उशीर झाला नाही. तरी पुढच्या वेळी मी हेच करीन.

बॅलार्ड पिअरला सामान तपासणीत पहिला घोळ. बाहेरचं खाणं चालतं, असं मुंबईच्या एजंटाने फोनवर सांगितलं होतं. चालत नव्हतं. पोळ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, चिवडा बाहेर निघाला. बापूंच्या खिशातून खर्रा (सुपारी-तंबाखू) निघाला, त्यावर त्यांनी फार वाद घातला नाही. मग आजींच्या चंचीतून अडकित्ता. पितळी, लग्नात मिळालेला, पात्याला साठ वर्षांची धार. तपासणीवाल्या मुलीने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, तिला तो काय आहे हेच कळेना. आत्याने सुपारी धरून दाखवली. मुलगी हसली, पण धारदार वस्तू म्हणून एका पाकिटात घालून चिठ्ठी दिली : परतताना घ्या. आजी खाली बसल्या. "तो नाई तं मी बी नाई." मागे रांग खोळंबली. नातवाने चिठ्ठी आजींच्या कनवटीला खोचली आणि सांगितलं की ही हरवायची नाही, ही तुझी ड्यूटी. त्या उठल्या.

एक गोष्ट आधी सांगून ठेवली होती ती उपयोगी पडली : मोठ्या बॅगा जमा केल्या की खोलीवर पोचायला दोन-चार तास लागतात, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या, एक लुगडं, पोराचे कपडे हातातल्या पिशवीत. सुटण्याआधी सगळ्यांना जीवरक्षक जॅकेटची कवायत. नऊवारीवर नारंगी जॅकेट घातलेल्या आजींचा फोटो आता घरात गजानन महाराजांच्या फोटोशेजारी आहे.

पहिल्या रात्री आजींना उलट्या झाल्या. खोली टोकाची, त्यात न्हाणीघराला उंच उंबरठा. रात्री उठताना पाय अडखळला, आत्याने धरलं म्हणून पडल्या नाहीत. जहाजावरचे डॉक्टर आले, गोळी दिली, त्याचं बिल वेगळं. मजा म्हणजे जिच्यासाठी एवढी तारखांची ओढाताण केली ती सून ठणठणीत, जेवून झोपली होती.

सकाळी आत्या आणि गुरुजी रिसेप्शनवर गेले. दुसरी खोली रिकामी नव्हती. पण आपसात अदलाबदल करता येत होती. गुरुजींची खोली मधली होती, बिनखिडकीची. मग निवड अशी उरली : खिडकी पाहिजे की कमी हलणं? आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, झोपेत खिडकी कोण पाहातं. रिसेप्शनने कार्डं बदलून दिली. उरलेल्या दोन रात्री आजी त्या आतल्या खोलीत न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून झोपल्या आणि दिवसभर वरच्या डेकवर सावलीत बसल्या. खिडकीसाठी जादा मोजलेले पैसे आत्याच्या मुलाला लाभले. तो काचेला नाक लावून बसायचा.

३० तारखेला गोवा. मंगेशी, शांतादुर्गा, परत. त्याच दिवशी टीव्हीवर सगळीकडे फेंगल चक्रीवादळ, रात्री ते पुद्दुचेरीजवळ किनाऱ्याला लागलं. म्हणजे बंगालच्या उपसागरात, देशाच्या दुसऱ्या बाजूला. पण गावात बातमी पोचली ती 'समुद्रात तुफान' एवढीच. घरी राहिलेला बापूंचा मुलगा, म्हणजे गुरुजींचा पुतण्या, फोन लावत राहिला. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की मोबाइलची रेंज जाते, आणि जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं तर बिल फुगतं, म्हणून मीच सगळ्यांना फोन विमान मोडवर ठेवायला सांगितलं होतं. दीड दिवस पुतण्याला कोणाचाच आवाज नाही. रात्री अकराला तो माझ्या घरी आला. मी त्याला नकाशा दाखवला, जहाज कुठे आणि वादळ कुठे. तो म्हणाला, "मले नकाशा नको, बाबाचा फोन पायजे." दुसऱ्या दिवशी दुपारी किनाऱ्याजवळ रेंज आली आणि बापूंचा पहिला प्रश्न होता, काल किती कापूस वेचला?

निकाल

अकराही जण २ डिसेंबरला सुखरूप उतरले. धक्क्यावर आजींनी कनवटीची चिठ्ठी काढून दिली, पाकीट परत घेतलं आणि तिथेच बॅगेवर बसून सुपारी कातरली. चार दिवस अडकित्ता नव्हता, तर बुफेतल्या बडीशेपेवर भागवलं होतं आणि त्याबद्दल त्यांचं मत चांगलं नाही.

खर्च चार लाखांच्या वर गेला, फार नाही. तारीख बदलल्याचा निम्मा दंड मी सोसला, कारण तो प्रश्न मी ऑगस्टमध्येच नीट विचारला असता तर डिसेंबरची तारीख धरलीच नसती. जेवणाबद्दल तक्रार एकट्या आजींची. नातू अजून विचारतो की जहाजाला भोंगा आहे तर आपल्या ट्रॅक्टरला का नाही. बापू पहाटे उठून डेकवर एकटेच उभे राहायचे. तिथे काय पाहिलं हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. गावात मात्र ते तिकिटांपासून सुरुवात करून सगळं सांगतात.

एप्रिलमध्ये सुनेला मुलगी झाली.

पुन्हा करायचं झालं तर

बैठक घेईन, पण बैठकीत काही विचारणार नाही. फोटो दाखवायचे, चहा घ्यायचा, निघायचं. प्रश्न प्रत्येकाला वेगळे, फोनवर किंवा दुकानात. बायकांचं माझी बायको विचारील, कारण सुनेने मला 'काका, चालतं ना' एवढंच विचारलं, तिला सगळं सांगितलं असतं. माझ्या फॉर्ममध्ये आता 'आजारपण आहे का' हा रकाना नाही. त्याऐवजी आहे : रात्री किती वेळा उठावं लागतं, किती पायऱ्या न थांबता चढता, परतीच्या तारखेला किती आठवडे.

खोल्या नंबर पाहून घेईन आणि सगळ्यांत आधी आजींची. खिडकीचे पैसे मधल्या जागेवर घालीन. खाण्याबद्दल एजंटाच्या तोंडी शब्दावर विसंबणार नाही, कंपनीची बंदी असलेल्या वस्तूंची यादी छापून हातात देईन. घरी राहणाऱ्या माणसाला जहाजाचा मार्ग, रेंज कुठे जाणार आणि कधी येणार हे लिहून देईन. तो कागद प्रवाशांपेक्षा त्याला जास्त लागतो.

पुतण्याचं मात्र मला उत्तर सापडलेलं नाही. चार दिवसांसाठी सालगडी आणि एखादा भाऊबंद मिळून काम चाललं असतं का? बापू म्हणतात, नाही, काटा दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. पुतण्या म्हणतो, चाललं असतं, कोणी विचारलंच नाही. त्या चार दिवसांत त्याने सहा क्विंटल कापूस घरात आणला. बापूंनी आल्या आल्या गंजीत हात खुपसून पाहिला, कापूस कोरडा होता. "बरा वेचला," म्हणाले आणि त्याच्यासाठी गोव्याहून आणलेल्या काजूचा पुडा त्याच्या हातात दिला. त्याने तो न फोडता फडताळात ठेवला, मी गेलो तेव्हा तिथेच होता.